वोंद्राचेकचा जबडा

व्हिएन्नात डोळ्यावर चष्मा असला की वेटर बेलाशक 'डॉक्टर' म्हणतो. विमा विकणारा डॉक्टर, पियानो शिकवणारा डॉक्टर, कर्ज बुडवून पळालेलासुद्धा डॉक्टर. जाड भिंगांचा चष्मा लावून, सहा वर्षं वैद्यकीची पुस्तकं वाहूनही ज्याला कुणी डॉक्टर म्हणत नव्हतं असा त्या शहरात एकच प्राणी होता, तो म्हणजे पोल्डी वाइनश्टॉक. आणि ही त्याच्या आईची करणी होती.

शेवटची परीक्षा होईपर्यंत पोराला डॉक्टर म्हणायचं नाही, दृष्ट लागते, अशी त्या आईची, फ्राऊ म्हणजे श्रीमती रेगिनाची, सक्त ताकीद होती. कोपऱ्यावरच्या कॉफीहाउसातल्या वेटरला तिने स्वतः जाऊन दम भरला होता. इमारतीचा रखवालदार वोंद्राचेक बक्षिसीच्या आशेने एकदा "नमस्कार, डॉक्टरसाहेब" म्हणाला, तर ती दृष्ट घालवायला तिथल्या तिथे तीनदा थुंकली. जिना त्याने नुकताच पुसला होता.

पण लागायची ती दृष्ट लागलीच. १९३८च्या मार्चमध्ये जर्मन सैन्य शहरात आलं आणि शहराने त्याच्यावर फुलं उधळली. एप्रिलमध्ये पोल्डी शस्त्रक्रियेच्या तोंडी परीक्षेला गेला. तेवढी एकच राहिली होती. दारात कोटावर नाझी पक्षाचा बिल्ला लावलेला सहायक उभा होता. ज्यूंना आत प्रवेश नाही म्हणाला. उघड्या दारातून परीक्षक हॉफराट लाइडिंगर दिसत होते. त्यांनी पोल्डीकडे पाहिलं, मग समोरच्या कागदांकडे पाहिलं, आणि मग ते कागदांकडेच पाहत राहिले.

हे हॉफराट पोल्डीच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत. बादशाही जाऊन वीस वर्षं झाली होती, पण तिने दिलेला हा किताब शहराने आणि हॉफराटांनी जिवापाड जपला होता. एप्रिलनंतर जिन्यात पोल्डी दिसला की ते खिशात किल्ली शोधू लागत, आणि तो वर जाईपर्यंत ती सापडत नसे. पोल्डीला मात्र त्यांचं घर, दार आणि किल्ली असलेला खिसाही पाठ झाला होता.

इकडे वोंद्राचेकला पक्षाने गल्लीप्रमुख केलं. त्याचा आजोबा बोहेमियाहून विटा वाहायला आलेला चेक, आणि हा आता बर्लिनवाल्यांना जर्मनपणा शिकवू लागला. उथळ पाण्याला खळखळाट फार. शनिवारी सकाळी तो अंगणात उभा राहून इमारतीतल्या ज्यूंची नावं पुकारी, आणि त्यांनी खाली येऊन गुडघ्यांवर बसून फुटपाथ घासायचा. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात फ्राऊ रेगिनाने आठवडाभर सूप पाठवलं होतं. तिच्या हातात त्याने ब्रश दिला तो दात काढून. पोल्डीला त्याचा इतका संताप येई की हाडांची नावं घोकताना तो मनातल्या मनात वोंद्राचेकचंच एकेक हाड मोडत असे.

सुटकेची वाट सापडली होती. फ्राऊ रेगिनाच्या भावाने बोलिव्हियाचा व्हिसा मिळवला होता, पण तो शेतकऱ्यांचा. पोल्डीने गाय पाहिली होती ती चॉकलेटच्या वेष्टणावर. जिवावरचं शेतीवर निभावतंय म्हणून आई खूश होती. पोल्डीच्या मनातून मात्र ती परीक्षा जाईना. आपण नापास झालो असतो तर इतकं लागलं नसतं, असं त्याला वाटे. आपल्याला कुणी विचारलंच नाही.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी रेडिओवर मोठं भाषण होतं. वोंद्राचेकने खिडकीत रेडिओ ठेवून सगळ्या आर्य बिऱ्हाडांना अंगणात उभं केलं होतं. विषय होता चेक लोकांचा नालायकपणा, आणि तो काही संपत नव्हता. अखेर संपला. लोक परतले ते वोंद्राचेकचं कौतुक करत. बिचारा अजून आ वासून उभा आहे, भक्ती असावी तर अशी, असं म्हणत ते जिना चढले.

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावर फ्राऊ वोंद्राचेकने दार ठोठावलं. पोल्डीला हॉफराटांनी बोलावलं होतं, ताबडतोब. हा सापळा आहे, असं आई म्हणाली, आणि पोराला एकट्याने सापळ्यात जाऊ द्यायला नको म्हणून मागोमाग निघाली.

हॉफराटांच्या दिवाणखान्यात ठेंगण्या स्टुलावर वोंद्राचेक बसला होता. तोंड सताड उघडं, गळ्यात टॉवेल, आणि लाळेची धार चालू. जबडा दोन्हीकडून निखळला होता.

"जांभई आली यांना," फ्राऊ वोंद्राचेक म्हणाली. "ऐन भाषणात. इस्पितळात नेलं तर कसं झालं म्हणून विचारतील. काय सांगू मी?"

हॉफराटांनी आपले हात पुढे करून दाखवले. ते लटलट कापत होते. "हे काम माझ्याच्याने होणार नाही," ते म्हणाले. मग या खेपेला किल्ली न शोधता त्यांनी पोल्डीकडे पाहिलं. "वाइनश्टॉक, एप्रिलमध्ये तुम्ही परीक्षेला आला होतात. बसा."

पोल्डीला आधी कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला की कायद्याने त्याला आर्य रुग्णाला हात लावता येत नाही.

"गल्लीप्रमुखांची हरकत असेल, तर त्यांनी तोंडाने सांगावी," हॉफराट म्हणाले.

वोंद्राचेकच्या घशातून काहीतरी निघालं. हॉफराटांनी ते संमती म्हणून धरलं आणि परीक्षा सुरू केली. सांध्याची रचना, स्नायू, नसा. पोल्डी आधी अडखळत, मग सलग उत्तरं देऊ लागला. जबड्यावरून गाडी मानेवर आली, मानेवरून आतड्याच्या हर्नियावर, तिथून पित्ताशयावर.

"साहेब," फ्राऊ वोंद्राचेक म्हणाली, "पित्ताशयाचा आणि यांच्या जबड्याचा काय संबंध?"

"काडीचाही नाही. पण मी अर्धवट परीक्षा घेत नाही, बाई. टॉवेल बदला."

एका उत्तरावर हॉफराटांनी मान हलवली. "चूक," ते म्हणाले. ही परीक्षा कुठे लिहिली जाणार नव्हती, तरी बाहेर बोळात कान लावून उभ्या असलेल्या आईने भिंतीला हात लावला. पोल्डीने डोळे मिटले, पान आठवलं, उत्तर दुरुस्त केलं. हॉफराट पुढच्या प्रश्नावर गेले.

"शेवटचा प्रश्न. निखळलेला जबडा बसवताना धोका कुणाला?"

"डॉक्टरच्या अंगठ्यांना. जबडा बसतो तसा तो मिटतो."

"आणि धोका केव्हा वाढतो?"

पोल्डीने वोंद्राचेककडे पाहिलं. "रुग्णाला आधीपासून चावायची सवय असेल तर."

"करा सुरू," हॉफराट म्हणाले.

पोल्डीने अंगठ्यांना रुमाल गुंडाळले. इतके दिवस मनात मोडलेली ती सगळी हाडं आता खरोखरच त्याच्या हातात होती. जरा आडवातिडवा झटका दिला असता तरी कुणाला कळलं नसतं. त्याने अंगठे मागच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबला, मागे ढकलला आणि अंगठे चटकन गालाकडे सरकवले. खट्ट झालं. तोंड मिटलं.

वोंद्राचेकने जबडा चाचपला. डोळ्यांत पाणी, अंगात तीस वर्षांची रखवालदारी. तो उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "उपकार झाले, डॉक्टरसाहेब."

मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो लालबुंद झाला. बोळात फ्राऊ रेगिना या वेळी थुंकली नाही. एप्रनमध्ये तोंड खुपसून ती रडत होती.

"निकाल मी सांगायचा असतो," हॉफराट म्हणाले. "असो. उत्तम श्रेणी. हे कुठेही नोंदवलं जाणार नाही. एप्रिलमध्ये मी तोंड उघडायला हवं होतं. त्याची ही भरपाई नव्हे."

"नाहीच आहे, साहेब," पोल्डी म्हणाला. तरी त्यांचा कापरा हात त्याने हातात घेतला, कारण एवढी परीक्षा दिल्यावर तो घ्यावासा वाटला.

मग वळून त्याने आयुष्यातली पहिली औषधयोजना सांगितली. रव्याची खीर, हनुवटीला पट्टी, आणि ओरडणं बंद, नाहीतर जबडा पुन्हा निखळेल. किती दिवस, असं फ्राऊ वोंद्राचेकने विचारलं. महिनाभर तरी, पोल्डी म्हणाला. दोन महिने केले तर आणखी चांगलं, हॉफराट म्हणाले. बाईचा चेहरा उजळला.

त्यानंतरचे शनिवार अंगणात शांत गेले. वोंद्राचेकची पट्टी सुटली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड बोटीवर होतं.

बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये वैद्यकीय कॉलेजच्या प्रमुखांनी पोल्डीकडे शेवटच्या परीक्षेचा पुरावा मागितला. साक्षीदार होता, पोल्डी म्हणाला, सगळा वेळ तोंड उघडं ठेवून बसला होता, पण बोलायचा नाही. प्रमुखांनी त्याला पहिल्या वर्षात घातलं. मिसरूड न फुटलेल्या पोरांत बसून, परक्या भाषेत तो पुन्हा हाडांची नावं घोकू लागला.

घरी कुणी चौकशीला आलं, की फ्राऊ रेगिना दारात ताठ उभी राही आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगे, "डॉक्टर घरी नाहीत. कॉलेजात गेलेत. परीक्षा जवळ आलीय त्यांची."