रांगेतलं बोलणं

रशियन राज्यक्रांती म्हणजे गहिनीनाथ सरांची जहागीरच. शेवगाव तालुक्यातल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षं त्यांनी तिची सात कारणं शिकवली. महायुद्धातले पराभव, धान्यटंचाई, झारची मनमानी, असं करत करत शेवटचं सातवं, 'सवलती देण्यात झालेला उशीर'. सात मुद्दे लिहा, पैकीच्या पैकी गुण घ्या. त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स पार पाथर्डीपर्यंत जात आणि सर ही गोष्ट कुणी न विचारताच सांगत.

यंदा ज्ञानेश्वरी मॅडम रुजू झाल्या आणि प्राचार्यांनी अकरावीची ब तुकडी त्यांना देऊन टाकली. ऊसतोड कामगारांची मुलगी, वय सत्तावीस, गावातच भाड्याची खोली घेऊन एकटी राहणारी. तिने मुद्दे लिहून दिलेच नाहीत. ती म्हणाली, "कडाक्याच्या थंडीत बाया पावासाठी रांगेत उभ्या होत्या. घरचे पुरुष लढाईवर, राजाही आघाडीवर. रांगेत पाव मिळत नव्हता, पण बोलणं होत होतं. ते राजाला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तुमच्या घरातलं रांगेत कोण उभं राहतं? तिथं काय बोलतात? घरी विचारून या."

हा काय अभ्यास झाला? सरांचा जळफळाट झाला. ब तुकडीतला हशा भिंतीपलीकडून ऐकू आला की त्यांच्या हातातला खडू मोडायचा. त्यात त्यांची स्वतःची मुलगी रुपाली त्याच तुकडीत. जेवताना "मॅडम म्हणाल्या" सुरू झालं की सरांना घास गोड लागेना. चोवीस वर्षांत घरात कुणी "सर म्हणाले" असं म्हटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. "मॅडम नवीन आहेत, ब तुकडीचे पेपर मी तपासतो," असं म्हणून सरांनी गठ्ठा मागून घेतला. मनात हिशेब सरळ होता: निकाल पाडायचा, प्राचार्यांपुढे ठेवायचा आणि पुढच्या वर्षी तुकडी परत घ्यायची. गठ्ठ्यात रुपालीचा पेपर आहे हे प्राचार्यांच्या लक्षात आलं नाही. सरांच्या लक्षात होतं, पण ते बोलले नाहीत.

रविवारी सकाळी ते लाल पेन घेऊन ओट्यावर बसले. बायको लंकाबाई हंडा-कळशी घेऊन केव्हाच टँकरच्या रांगेला गेली होती. क्रांतीची कारणं पाच गुणांना. 'मुद्देसूद नाही', एक गुण. 'मुद्देसूद नाही', एक गुण. बारा पेपर झाले आणि सरांना जरा बरं वाटू लागलं.

तेराव्यावर रुपालीचं अक्षर होतं.

'माझी आई दर तीन दिवसांनी टँकरच्या रांगेत दोन-तीन तास उभी राहते. घरी बोलत नाही ते ती तिथे बोलते. तिचे गुडघे बारा महिने दुखतात, हे मला तिला विचारल्यावर कळले. पप्पांना अजून माहीत नाही. झार दुष्ट नव्हता. त्याला न विचारण्याची सवय झाली होती.'

सरांनी पेन उचललं, पण टेकवता येईना. लेकीने आपल्याला झार केलं याचा राग आधी आला. मग त्याहून वाईट वाटलं. काल आलेली ही मॅडम एक प्रश्न विचारते काय आणि पंचवीस वर्षांच्या संसारात आपल्याला न सांगितलेलं दुखणं लंकाबाई लेकीच्या अभ्यासासाठी सांगते काय! आता सरांना मॅडमच्या तुकडीचा हेवा वाटत नव्हता, त्या प्रश्नाचा वाटत होता.

ते उठले, प्लास्टिकचा कॅन घेतला आणि टँकरकडे निघाले. वळणावरच बायांचं खदखदून हसणं ऐकू आलं, त्यात लंकाबाईचंही. तिचं असं हसणं त्यांनी कधी ऐकलं असेल, आठवेना. ते रांगेशी पोहोचले आणि सगळ्या गप्प झाल्या. कुणी पदर सावरला, कुणी उगाच हंडा सरकवला. लंकाबाईच्या मागे कळशी घेऊन ज्ञानेश्वरी मॅडम उभ्या होत्या, नेहमीसारख्या.

"अवो, तुमी कशाला आले?" लंकाबाई म्हणाली.

"कॅन घेऊन आलो. तू घरी जा, मी थांबतो."

"ऱ्हाऊ द्या. बायांना बोलता येईना तुमच्यापुढं."

शेजारची छबूबाई तोंडाला पदर लावून हसली. सर माघारी फिरले. पाठ वळताच बोलणं पुन्हा सुरू झालं. ते कान देऊन चालत राहिले, पण शब्द कळेनात.

घरी येऊन त्यांनी गठ्ठा पहिल्या पेपरपासून पुन्हा उघडला. एक गुणावर काट मारली, चार लिहिले. पुढच्यावरही काट मारली. तेरावा मात्र वेगळा काढला. तो प्राचार्यांकडे परत द्यायचा, दुसऱ्या कुणी तपासावा.

ऊन चढल्यावर लंकाबाई आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. सर धावत पुढे झाले, हंडा उतरवून घेतला.

"गुडघे लई दुखतात का गं?" त्यांनी विचारलं.

लंकाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पदराने मान पुसली.

"पाचवं वरीस हाय," ती म्हणाली, "आता इचारता व्हय?" आणि कळशी घेऊन आत गेली.