तुला काय काय येतं

“रक्ताचं मला काही येत नाही,” प्रेमलताने सांगून टाकलं आणि परत निघायच्या तयारीने पिशवी खांद्याला लावली.

नागपुरातल्या धंतोलीतली ती पॅथॉलॉजी लॅब डॉक्टर शोभाताईंची. प्रेमलताचा अर्ज अजून त्यांच्या हातातच होता. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. पुढे पाच वर्षं संशोधन. त्यापुढे काही नाही.

“बस,” त्या म्हणाल्या. “काय येत नाही ते मी विचारलं नाही. पाच वर्षं रोज सकाळी जाऊन तू हातांनी काय करत होतीस, ते सांग.”

प्रेमलता रामटेके तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. साल शहात्तर. विदर्भातल्या झाडांच्या परागकणांवर तिचं काम चाललं होतं आणि ते निम्म्यावर असताना तिचे मार्गदर्शक देहरादूनला नोकरी घेऊन निघून गेले. नवे सर म्हणाले, नवा विषय घ्या, पहिल्यापासून सुरू करा. शिष्यवृत्ती संपलेली होती. तीन कॉलेजांत मुलाखती झाल्या, तिन्हीकडून उत्तर आलं नाही. बाभळीचा परागकण ओळखणारं माणूस अख्ख्या नागपुरात कोणाला हवं असेल, असं तिला वाटायचं. वर्तमानपत्रात ‘सूक्ष्मदर्शकावर काम करता येणारी व्यक्ती पाहिजे’ एवढंच वाचून ती इथे आली होती.

ती चाचरत सांगू लागली. काचपट्ट्या धुवायच्या, रंग द्यायचा, वर पातळ काच ठेवून कडा मेणाने बंद करायच्या. शेकडो कण मोजायचे, मोजताना चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सूक्ष्मदर्शक बिघडला की उघडून साफ करायचा, कारण विभागात ते दुसऱ्या कोणाला जमत नसे. शोभाताई अर्जाच्या पाठीवर एकेक लिहीत गेल्या. पान भरत आलं तेव्हा त्यांनी ते तिच्यापुढे सरकवलं.

“यातलं निम्मं मला इथे रोज लागतं. उरलेलं शिकवीन. उद्यापासून ये, महिनाभर बघू.”

पहिले दिवस नळ्या धुण्यात गेले. बळीराम हे तिथले वीस वर्षांचे जुने तंत्रज्ञ. फुलं पाहणाऱ्या बाईले रक्त काय समजन, असं ते एकदा तिच्यासमोरच म्हणाले होते. पण सुई कशी धरायची, नळीवर नाव कसं टाकायचं, हे त्यांनीच तिला दाखवलं.

दहाव्या दिवशी कन्हानकडच्या एका गावातून बायजाबाई आपल्या तेरा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. पोरीचं नाव पंचशीला. हातापायांचे सांधे दुखायचे, अधूनमधून अशी कळ यायची की ती जमिनीवर लोळायची. दोन दिवसांनी उठून बसली की घरचे म्हणायचे, शेतावर जायचं नव्हतं म्हणून पडली. शोभाताईंना सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचा, संशय आला. बळीरामांनी रक्ताच्या थेंबावर औषध टाकून काचपट्टी केली, ठरल्या वेळाने पाहिली आणि सांगितलं, काही नाही. बायजाबाई बस गाठायला गाठोडं बांधू लागल्या.

प्रेमलता सरावासाठी तीच काचपट्टी पाहत होती. एका कडेला मेण सुटलेलं होतं. आत हवा जात होती. या तपासणीत पेशींना हवा मिळता कामा नये, तरच त्यांचा आकार बदलतो, हे शोभाताईंनी तिला परवाच समजावलं होतं. अशाच सुटलेल्या कडेपायी तिच्या परागकणांचा एक अख्खा हंगाम वाया गेला होता. पण बोलायचं कसं? समोर वीस वर्षांचा अनुभव, आणि आपले दहा दिवस. आपण चुकलो तर ही नोकरीही गेली. तिने दाराकडे पाहिलं. पोरगी भिंतीला धरून उठत होती.

“बळीरामभाऊ, ही कड बंद नाही झाली,” ती म्हणाली. “दुसरी करून पाहू का?”

बळीरामांचा चेहरा उतरला. शोभाताईंनी काचपट्टी स्वतः पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “कर.”

तिने पंचशीलाच्या रक्ताचा नवा थेंब काचपट्टीवर घेतला, औषध टाकलं आणि मेणाची सळई उचलली. चारी कडा तिने सावकाश बंद केल्या. बायजाबाईंना बसवून ठेवलं. दोन तासांनी तिने पाहिलं, तर गोल पेशींमध्ये लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी जागोजागी दिसत होत्या. शोभाताईंनी पाहिलं. मग बळीरामांनी, बराच वेळ.

“मेण लावाची ही रीत मले दाखवजा बाई,” ते हळूच म्हणाले.

शोभाताईंनी आजी-नातीला समोर बसवून सांगितलं, की आजार रक्तातला आहे, जन्मापासूनचा. पक्कं करायला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणखी एक तपासणी लागेल. हा मुळातून जात नाही, पण काळजी घेतली तर दुखणं कमी करता येतं. भरपूर पाणी, थंडीत जपणं, ताप आला की लगेच डॉक्टर. बायजाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. पंचशीला मात्र प्रेमलताकडे पाहत होती.

“म्हणजे मी सोंग नाई करून राहिली होती ना, बाई?”

“नाही,” प्रेमलता म्हणाली. “खरंच दुखत होतं तुले.”

पोरगी आजीकडे वळली. बायजाबाईंनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चोळत बसल्या. बस केव्हाच गेली होती. कोणाला घाई नव्हती.

संध्याकाळी प्रेमलता घरी आली तेव्हा तिचे वडील देवराव गिरणीतून येऊन अंगणात बसले होते. ती त्यांच्यापाशीच मातीत टेकली. “पीएच.डी. आता होत नाही, बाबा,” ती म्हणाली. इतक्या महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि बाहेर पडल्यावर ते तिला वाटलं होतं तेवढं जड निघालं नाही.

देवरावांनी विचारलं, “आज काय पाह्यलं तिथं?”

तिने काडी उचलली. मातीत आधी एक गोल पेशी काढली, बाजूला वाकलेली दुसरी, आणि ती अरुंद रक्तवाहिनीत कशी अडकते तेही. देवराव वाकून पाहत होते. त्यांनी शेजारच्या गोपाळरावांना हाक मारली, आणि तिने त्यांच्यासाठी सगळं पुन्हा सांगितलं. सांगताना ती हसत होती, हे स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या आईने, तुळसाबाईंनी पाहिलं.

सकाळी अंगण झाडताना तुळसाबाईंनी मातीतल्या त्या चित्राची तेवढी जागा सोडून झाडलं.