बंबाचा दांडा

पालीहून बीडला पायी जायचं म्हणजे सुभद्राबाईच्या जिवावर आलं होतं. आठवडाभर दुसऱ्याच्या रानात खुरपून कंबर मोडलेली, त्यात ही दोन लेकरं अर्ध्या वाटेतच भुकेली. पण जाणं भाग होतं. काल थोरल्या म्हाळूनं बापाला तोंडावर सांगितलं होतं, "पानी पायजे तर उठून घ्या की. दिसभर बसूनच तर असता." रामहरी खोकत खोकत स्वतःच उठला. ते बघून बाईच्या काळजात चर्र झालं. बाप एकदा पोरांच्या मनातून उतरला की पुन्हा चढत नाही, हे तिला ठाऊक होतं.

रामहरी पूर्वी बीडच्या आगीच्या बंबावर होता. मोटारीचा बंब आला आणि जुना हातबंब कचेरीमागच्या पडवीत जाऊन बसला. पितळी घंटा, कातडी बादल्या, सगळं मांडून ठेवलेलं. लोक त्याला अजायबखाना म्हणत. राखायला आणि दाखवायला शहादेव होता, रामहरीचा जुना सोबती. निजामी अमलातली जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची सुट्टी, म्हणून बाकी कचेरीत चिटपाखरू नव्हतं.

"रामहरीची लेकरं व्हय? या, या." त्यानं हौसेनं दोघांना आत घेतलं. म्हाळूची नजर घंटेवर. धाकट्या छबूनं विचारलं, "आमचा बा काय करायचा हितं?"

"ह्यो दांडा हाणायचा. इकडून चौघं, तिकडून चौघं. दांडा खाली गेला की पाणी वर. हाणा बरं!"

पोरं दांड्याला लोंबकळली. दांडा जागचा हलेना. सुभद्राबाईनंही पदर खोचून जोर लावला, तेव्हा कुठं तो कुरकुरत जरासा खाली गेला आणि तिच्या कमरेतून कळ निघाली.

"कापसाच्या वखारीला आग लागलती, तवा दुपारपासून दिवस बुडूस्तोर हाणला," शहादेव म्हणाला. "धूर असा की शेजारचा माणूस दिसंना. आमी पाळीपाळीनं बाहेर जाऊन दम घ्यायचो. रामहरी हलला न्हाई. आत माणसं हायत म्हनला. ती जित्ती निघाली, पर धूर ह्याच्या छातीत बसला तो बसलाच."

म्हाळूनं दांडा सोडला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. चला, पायपीट सार्थकी लागली, असं सुभद्राबाईला वाटलं.

परतीच्या वाटेवर म्हाळू म्हणाला, "माय, मी बाला परत तसं न्हाई बोलनार."

"शाना माझा."

छबू मात्र आईच्या तोंडाकडं बघत चालली होती. "मंग माय, तू कावून बोलतीस? रोज चुलीपुढं म्हनतीस ना, बसल्या जागी गिळतो म्हनून. दादा तुझंच ऐकून बोलला."

सुभद्राबाईचे पाय थांबले. पोरीला एक ठेवून द्यावी असं वाटलं, पण हात उचलला नाही. "थकते गं मी," ती म्हणाली. "लई थकते." आणि वाटेकडेच्या धोंड्यावर बसून ती लेकरांदेखत रडली.