भाग पाचवा

"काका, हे पुस्तक आहे की पुस्तकाचे तुकडे?" ग्रंथपाल बाईंनी सहा पातळ भाग टेबलावर पसरले. "त्यात सातातले सहाच. पाचवा कुठाय?"

"बाहेर दिलाय," बाइंडरकाका म्हणाले. हे उत्तर ते बावीस वर्षं देत आले होते आणि आता त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

"उद्या दुपारपर्यंत सगळं जोडून एक पुस्तक करा. अपुरं पुस्तक नव्या इमारतीत घेणार नाहीत. रद्दीत जाईल."

अभ्यासिका हलणार होती. तिच्याबरोबर काकांची नोकरीही संपणार होती, पण त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. या पुस्तकाचं मात्र होतं.

नऊशे पानांचं गणित. प्रवेशपरीक्षेला त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नसे आणि अभ्यासिकेत प्रत एकच. विकत घेण्याची ऐपत असलेली पोरं इथं येतच नसत. येत ती मागच्या गल्ल्यांतली, घरी पाय पसरायला जागा नसलेली. पुस्तक ज्याच्या हाती लागे तो ठाण मांडून बसे, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावत. इस्त्रीवालीची मुलगी चार दिवस ओळीनं आली आणि पुस्तकाला बोटही न लावता घरी गेली. पाचव्या दिवशी काकांनी दार लावून घेतलं, कणा उसवला, सात भाग केले आणि प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा चढवला. एका पुस्तकावर सात जण बसले. ते दृश्य काका अजून विसरले नव्हते.

तेव्हाचे ग्रंथपाल त्यांना कसाई म्हणाले आणि त्यांनी काकांना सहा महिने दुसऱ्या शाखेत धाडून दिलं. परत येऊन बघतात तो पाचवा भाग गायब. पोरांकडून कळलं, तो इस्त्रीवालीच्या मुलीनं नेला होता आणि तीही दिसेनाशी झाली होती. पोरीनं शिक्षण सोडलं असणार, हे काकांच्या मनात घर करून बसलं.

त्या संध्याकाळी काका सहा भाग उसवून पानांचे गठ्ठे जुळवत होते, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला पिशवी.

"काका, ओळखलंत? इस्त्रीवालीची मुलगी."

काकांच्या हातातलं दाभण खाली पडलं. तिनं पिशवीतून पाचवा भाग काढला. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, वर कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर.

"अगं, इतकी वर्षं होतीस कुठं?"

"मी तीनदा आले होते परत द्यायला. तुम्ही नव्हता. काउंटरवर म्हणाले, यात कार्डाचा खिसा नाही, हे आमचं पुस्तकच नव्हे. चक्क हाकललं मला!"

काकांनी कपाळावर हात मारला. घाईघाईत खिसा त्यांनी फक्त पहिल्या भागाला चिकटवला होता.

"आणि मी समजत होतो, शाळाबिळा सोडून बसलीस."

"सोडतेय कुठली! गणित शिकवते मी आता. आमच्याच गल्लीत." ती हसली. "हा काही रिकामा बसला नाही हं. माझ्यानंतर शेजारच्या मुलीकडे, मग तिच्या बहिणीकडे... बघा ना."

काकांनी पानं उलटली. समासात कितीतरी हस्ताक्षरं होती. कुणी गणित सोडवलेलं, कुणी ते चुकलंय म्हणून खाली दाखवलेलं, कुणी नुसतं 'जमलं!' लिहिलेलं. नाक शिंकरायच्या निमित्तानं काका जरा वळले.

"आत्ता कुणाकडे होता?"

"आहे एक. तिची आई लोकांकडे भांडी घासते. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. पण अभ्यासिका हलतेय कळलं, म्हणून मागून आणला. तुमचं पुस्तक पुरं व्हायला हवं ना."

पुरं पुस्तक बघायला काका बावीस वर्षं थांबले होते. मग त्यांनी खळीचा डबा ओढला, पाचव्या भागाची सुटलेली पानं बसवली, मागच्या पुठ्ठ्याला कार्डाचा खिसा चिकटवला आणि भाग तिच्या हातात ठेवला.

"तिला नेऊन दे."

"अहो, पण तुमचं पुस्तक?"

"माझं मी बघतो. तू नीघ, ती खोळंबली असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर होतं. कणा सरळ, शिवण घट्ट. बाई पानं चाळत मध्यावर थांबल्या. तिथं पाचव्या भागाच्या जाडीचे कोरे कागद शिवलेले होते. पहिल्या कोऱ्या पानावर एक कार्ड चिकटवलं होतं: भाग पाचवा, बाहेर दिला आहे. खाली कालची तारीख होती आणि काकांची सही.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "परत कधी येणार?"

"वाचून झालं की."

बाई थोडा वेळ त्या कोऱ्या पानांवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी नव्या इमारतीचा शिक्का उचलला.