ईश्वरदासांच्या आवाजाची एकेचाळीस मिनिटं

मी एक जुना टॅब्लेट आहे. माझी पाठ फुगली आहे आणि काच एका कोपऱ्यातून उचलली गेली आहे. नागपूरच्या तांडापेठेतल्या एका घरात, लोखंडी कपाटावर, स्टीलच्या ताटात मला ठेवलं आहे. माझी बॅटरी कधी पेटलीच तर आजूबाजूचं काही जळू नये, म्हणून हे ताट. उद्या मला जुनी यंत्रं गोळा करणाऱ्यांच्या हवाली करतील. मित्रांनो, त्याआधी तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझी थोडी आणि या घराची जास्त आहे.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. मला स्वस्तात विकायचं हे आधीच ठरलं होतं, म्हणून माझी पाठ प्लास्टिकची आणि पोटात जागा बेताची. त्यातली अर्ध्याहून जास्त जागा विंडोजनेच अडवली होती. माझ्या अंगाला एकच भोक होतं. चार्जिंग त्यातूनच, बाकीचं सगळंही त्यातूनच. सोबत चिकटवायचा एक पातळ कीबोर्ड होता. मोठ्या संगणकाची कामं मी करू शकतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण मी ती फार सावकाश करायचो.

कामिनी पराते हिने मला सीताबर्डीच्या बाजारातून घरी आणलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि महाल भागातल्या भैयाजींच्या छापखान्यासाठी घरी बसून लग्नपत्रिका टाइप करायची. भैयाजी हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो पाठवत, कामिनी तो माझ्यावर नीट मांडून परत पाठवी. मधूनच एखादी तेरवीची, म्हणजे कुणाच्या तेराव्याची, पत्रिका येई. तिला काळी चौकट असायची. मी मधेच अडकून बसलो की कामिनी म्हणायची, "चाल बाप्पा, चाल. नवरदेव घोड्यावर बसून राहिला." आणि मी सुरू होईपर्यंत ती मेथीची अर्धी जुडी निवडून टाकायची.

संध्याकाळी मी तिच्या बाबांचा होत असे. ईश्वरदास पूर्वी हातमागावर लुगडी विणत. माग बंद पडल्यावर ते बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत लागले. सात वाजता कंपनीच्या बसमधून उतरून ते घरी येत, हातपाय धुवत आणि मला भिंतीला टेकवून उभं करत. मग पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं सुरू होत. तरुणपणी ते स्वतः खडीगंमतीच्या लोकनाट्यात उभे राहायचे, त्यामुळे नट बोलायच्या आधीच ते पुढचं वाक्य म्हणून टाकत. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला चपला दुरुस्त करणारे धोंडबा तिथूनच दाद देत. माझा आवाज त्यापुढे अगदीच चिरका होता.

"लहान आहे, पण गुणाचा आहे," असं म्हणून ते मला थोपटत. मला एवढंच कौतुक मिळालं. पण ते रोज मिळालं.

नाटक बघताना त्यांच्या गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली ती पुडी दिवसातून सात-आठ वेळा उघडली जायची. कामिनीची आई, तुळजाबाई, वैतागून म्हणायच्या, "काहून खाता हो ती घाण? कवळ तरी जाते का तोंडात आता?"

"अवं, मशीनपाशी उभं राहा लागते दिवसभर. याच्याबिगर झोप येते मले."

घास खरंच जात नव्हता. आधी तिखट झोंबू लागलं, मग ते भाकरी वरणात बुडवून खाऊ लागले. कुणाला काही सांगितलं नाही. एके रविवारी कामिनीने त्यांना समोर बसवलं. "बाबा, आ करा बरं." तोंड दोन बोटांएवढंही उघडेना. आत जिभेच्या कडेला पांढरा, फुटलेला चट्टा होता. कामिनीने माझ्यावर त्या चट्ट्याबद्दल शोधलं. मी चित्रं दाखवली. तिने लगेच मला पालथं घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल, ते म्हणाले. त्यानंतर बोलणं होणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, कामिनीने मला बाबांसमोर ठेवलं. तिच्या मोबाइलवर सारखे नातेवाइकांचे फोन येत होते, म्हणून तिने मला निवडलं. "बाबा, आता तुम्ही बोला. मी आवाज भरून ठेवते."

"काय बोलू वं?"

"काहीही बोला. रोज बोलता तसं."

ईश्वरदास लाजले. दुखत होतं, शब्द जड येत होते, तरी ते बोलू लागले. ताण्याचा तुटलेला धागा कसा सांधायचा ते सांगितलं. कामिनी लहानपणी मागाखालच्या खड्ड्यात पडली होती तो किस्सा सांगितला. खडीगंमतीतल्या राजाचं अख्खं भाषण म्हटलं, शेवटी खोकला आला. मग त्यांनी एकदम हाक मारली, "अवं कामिनीची माय, इकडं ये ना वं. एवढ्या लांब काहून बसून राहिली?" तुळजाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि विचारू लागल्या, काय पाहिजे. काहीच नको होतं. तिघंही हसली. ते हसूही मी भरून घेतलं. एकेचाळीस मिनिटं झाली.

ईश्वरदास घरी परत आले तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि हनुवटीखाली लांब शिवण. त्यांना बोलायचं असे तेव्हा माझा कीबोर्ड त्यांच्या मांडीवर दिला जाई. ते सातवीपर्यंत शिकलेले. एका बोटाने अक्षर शोधत ते टाइप करायचे, वेलांट्या चुकायच्या. "पंखा." "उशी वर." "दुखते." कामिनीने ते कधी पुसलं नाही. रोज त्याच पानावर ते पुढे लिहीत गेले. तिची पत्रिकांची कामं मागे पडू लागली, भैयाजी कुरकुर करू लागले, पण मी त्यांच्या मांडीवर असलो की ती मला मागून घेत नसे.

मी भरलेला आवाज ईश्वरदासांनी एकदाच ऐकला. राजाच्या भाषणापर्यंत ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो त्यांच्यासमोर कुणी लावला नाही. दुपारी त्यांना झोप लागली की तुळजाबाई कामिनीला खूण करायच्या, आणि कामिनी मला स्वयंपाकघरात नेऊन आवाज बारीक करून लावून द्यायची. तुळजाबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. आपल्याला हाक मारली जाते त्या जागी त्यांचे हात थांबत.

तुळजाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. मी त्यांच्यासाठी एक काळी पाटी होतो, जिच्यात कामिनी कुठूनतरी गोष्टी आणते. नाटकं येतात तसा हा आवाजही येतो. तो माझ्याच पोटात आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असं कामिनीच्या मनातही आलं नव्हतं.

आणि माझं पोट भरत आलं होतं. विंडोजला नवं काहीतरी बसवायचं होतं, त्याला जागा नव्हती. मी रोज तशी सूचना दाखवायचो, कामिनी रोज 'नंतर' दाबायची. तिने जुन्या पत्रिका काढून टाकल्या, नाटकं काढून टाकली. आवाजाची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवायची हे तिने ठरवलं होतं. पण माझ्या एकुलत्या भोकात तो बसत नव्हता, त्यासाठी मधे लावायची एक जोडणी आणायची होती. दवाखान्याच्या फेऱ्यांत ती राहून गेली. मे महिना होता. मी तव्यासारखा तापायचो. एका सकाळी मी स्वतःहून ते नवं बसवायला घेतलं, आणि मधेच लाइट गेली. माझी बॅटरी तोवर थकलेली होती. लाइट आल्यावर मी सुरू झालो खरा, पण काचेवर नुसतं चाक फिरत राहिलं.

त्या दिवशी ईश्वरदासांची किमोची तारीख होती. कामिनी त्यांना घेऊन निघाली होती. भैयाजींची एक पत्रिका दुपारपर्यंत द्यायची होती. "आल्यावर बघते," ती म्हणाली आणि गेली. तुळजाबाईंना राहवलं नाही. पोरगी एकटी किती ओढते, एवढं तरी आपण करावं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी मला पिशवीत घातलं, ऑटो केला आणि सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात आल्या.

दुकानात धर्मेंद्र नावाचा कारागीर होता. त्याने मला उलटसुलट केलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याने विचारलं.

"मावशी, सगळं नवीन टाका लागन. डाटा ठेवाचा आहे का उडवाचा? ठेवाचा असन तर टाइम लागन, दोन दिवस."

डाटा हा शब्द तुळजाबाईंना माहीत होता. मोबाइलचा डाटा संध्याकाळी संपतो आणि सकाळी पुन्हा येतो. घरात रोज तेच बोलणं असायचं.

"उडवा ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "तो तं रोज सकाळी नवा येते. पोरीचं काम अडलं, आजच्या आज द्या."

"पक्कं ना?"

"हाव, पक्कं."

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. चाक फिरलं, एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि दीड तासाने मी कारखान्यातून निघालो होतो तितका मोकळा झालो. ईश्वरदासांनी लिहिलेलं पान कामिनीने कधीतरी भैयाजींच्या मजकुरासोबत इंटरनेटवर ठेवलं होतं, ते तेवढं शिल्लक राहिलं. आवाज मोठा होता, डाटा खातो म्हणून तो तिने चढवलाच नव्हता.

दुपारी बाप-लेक घरी आली. तुळजाबाईंनी मला पुढे केलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "घे वं. चकाचक करून आणला."

कामिनीने मला उघडलं. इथे शोधलं, तिथे शोधलं. मग पुन्हा पहिल्यापासून. ती आईकडे वळली, आणि तिच्या तोंडून शब्द निघणार एवढ्यात खाटेवरून ईश्वरदासांनी तिचं मनगट धरलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि इंटरनेटवरून परत आलेल्या त्याच पानावर एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"तुह्या मायले सांगू नको. तिले काय माहीत."

"काय म्हणून राहिले ते?" तुळजाबाईंनी विचारलं.

"पाठीमागं उशी पाहिजे म्हणतात," कामिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धर्मेंद्रकडे गेली. त्याने दोन तास माझ्याशी झटापट केली. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मी विचारलं होतं ताई. दोनदा विचारलं होतं." ती मला पिशवीत घालून घरी आली.

तुळजाबाईंनी दुपारी खूण केली की ती सांगायची, याचा आवाज बिघडला आहे, नीट करायला टाकायचा आहे. ईश्वरदास हे ऐकत आणि डोळे मिटून घेत. श्रावण लागायच्या आधी ते गेले. त्यांच्या तेरवीची पत्रिका कामिनीनेच टाइप केली. काळ्या चौकटीत वडिलांचं नाव लिहिताना मी नेहमीप्रमाणे अडकलो. तिने मला काही म्हटलं नाही. नुसती वाट पाहिली.

तेरवीनंतर पाहुणे पांगले. तुळजाबाई कामिनीजवळ येऊन बसल्या. "आवाज तं बंद आहे. पण त्यायनं लिहिलं ते तं आहे ना? वाचून दाखव मले."

कामिनीने पान उघडलं. "पंखा," तिने वाचलं. "उशी वर. आज पेज नको. धोंडबा आला का. कामिनीले झोपू दे." तुळजाबाई प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या, कुठल्या दिवशीची ते त्यांना आठवत होतं. मग कामिनी थांबली.

"काहून थांबली? वाच."

"काही नाही आई. पुढं तेच आहे."

"कामिनी. त्यायनं लिहिलं ते पुरं वाच."

तिने वाचलं. तुळजाबाई हळूच म्हणाल्या, "काय सांगू नको मले?"

कामिनीने सगळं सांगितलं. डाटा म्हणजे काय, हेही सांगितलं. तुळजाबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "मंजे आवाज याच्यातच होता." त्या उठल्या, चूल पेटवायला म्हणून गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. कामिनी रडून म्हणाली, "चूक माझी आहे आई. मी तुला कधी सांगितलंच नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तं मी याले छातीशी धरून बसली असती."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याला उन्हात तापवू नका, त्याची बॅटरी फुगली तर हात लावू नका, हे तर मी सांगेनच. आणि जे तुम्हांला जिवाभावाचं आहे ते एकाच पोटात ठेवू नका. दुसरीकडेही उतरवा, आणि आज उतरवा. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. घरात ज्यांना ही यंत्रं कळत नाहीत, त्यांच्याजवळ बसा. आत काय आहे आणि कोणत्या शब्दाने ते जातं, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. त्यांना काय करायचंय, असं म्हणू नका. जे हरवतं ते त्यांचंही असतं.

कामिनीने ते पान छापखान्यातून कागदावर काढून आणलं आहे. तीन प्रती. एक तुळजाबाईंच्या उशाशी असते. दुपारी त्या कामिनीकडून अक्षरं शिकतात, पंचावन्नाव्या वर्षी. आज सकाळी त्यांनी बोट ठेवून पहिल्यांदा एक ओळ स्वतः वाचली. कामिनीने विचारलं, कोणती. त्यांनी कागद छातीशी धरला आणि सांगितलं नाही.