पाया पडणं आणि सही करणं

सुरतेतल्या उधन्याच्या हरिनाम सप्ताहात सुकदेव पाटील धर्मेंद्रच्या पाया पडला आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

तसं सप्ताहात एकमेकांच्या पाया पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. वीणा सप्ताहभर खाली ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. देणारा घेणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो, घेणारा देणाऱ्याच्या. लहानमोठा पाहायचा नाही, जातपात पाहायची नाही. सुकदेवच्या उजव्या हाताचं एकच बोट धड हलत होतं, पण तार छेडायला तेवढं पुरतं, म्हणून त्यानं हौसेनं पहारा मागून घेतला होता. तो संपला तेव्हा वीणा घ्यायला समोर उभा धर्मेंद्र. दिवाळीच्या तोंडावर ज्याच्या टेम्पोनं सुकदेवला सायकलसकट रस्त्यावर आपटलं होतं, तोच.

सुकदेव घुटमळला. मग वाकला. धर्मेंद्र तर त्याच्या पायांवरून उठेचना. उठला तेव्हा त्याचे डोळे भरून वाहत होते. संध्याकाळच्या कीर्तनात महाराजांनी मनातली अढी सोडण्यावर असं काही आळवून गायलं, की सुकदेवला वाटलं, आज सगळा मंडप आपल्यासाठीच उभारलाय. किती दिवसांनी त्याला हलकं हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा दत्तू भेटला. त्यानं सुकदेवच्या हातावर पेढा ठेवला.

"धन्य आहेस आप्पा! केस सोडून दिलीस म्हणे?"

"कोणी सांगितलं तुला?"

"धर्मेंद्रनं. पेढे वाटतोय गल्लीत. टेम्पोच्या विमा कंपनीच्या माणसालाही कळवलंय, आमचं आपसात मिटलं म्हणून."

सुकदेवच्या हातातला पेढा हातातच राहिला.

कंपनीचं प्रकरण आधीच त्याला झेपत नव्हतं. तिनं पहिल्यांदा देऊ केली ती रक्कम वकीलबाई नूतनबेननी झटकून टाकली. मग कंपनीनं ती वाढवली आणि शनिवारच्या लोकअदालतीत सही करा म्हणून सांगितलं. त्यात दवाखान्याचं बिल आणि बुडालेला पगार निघत होता, पण हाताचं दुसरं ऑपरेशन निघत नव्हतं. ते केलं तर बोटं मिटतील असं डॉक्टर म्हणत, आणि त्याच दमात 'कदाचित' म्हणत. बोटं मिटली नाहीत तर लूमवर तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारणार कोण? सध्या लूमच्या शेठनं त्याला कापडाच्या ताक्यांवर शिक्के मारायला बसवलं होतं, पगार निम्मा. सही केली की पुन्हा मागायला तोंड उरणार नव्हतं. नाही केली, तर वर्षानुवर्षं तारखा. शिवाय धर्मेंद्रच्या लायसन्सची मुदत अपघाताच्या वेळी संपलेली होती. केस लढली तर कंपनी सुकदेवला पैसे देईल आणि नंतर धर्मेंद्रकडून वसूल करेल, असं नूतनबेन म्हणाल्या होत्या. म्हणजे त्याचा टेम्पो गेलाच.

दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. मधाळ आवाज. "काका, तुमचं तर समाधान झालंय ऐकलं. मग वाढवलेली रक्कम कशाला? आपली पहिलीच ठेवू ना."

सुकदेव तडक नूतनबेनच्या ऑफिसात गेला.

"त्याला काही लिहून दिलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही बेन. फक्त पाया पडलो."

"पाया? ज्यानं पाडलं त्याच्या?"

"वीणा होती ना."

नूतनबेननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुकदेवभाई, हे मी जजसाहेबांना गुजरातीत कसं समजावू?"

मग जरा नरमाईनं म्हणाल्या, "कागद नाही, तर काही बिघडलेलं नाही. कंपनीला मी बघते. पण सही करायची की नाही, ते तुम्हीच सांगायचं."

नेमकं तेच त्याला सांगता येत नव्हतं. पाया पडलो ते खरं, तर मग केस खोटी. केस खरी, तर डोकं ठेवलं ते ढोंग. देवाच्या दारात ढोंग? महाराजांचा आवाज कानात घुमायचा आणि वाटायचं, सोडून द्यावं सगळं. तेवढ्यात शर्टाचं बटण लावायला हात वर जायचा, बोटं वाकायची नाहीत, आणि त्याची बायको छाया येऊन बटण लावून द्यायची.

तिला त्यानं विचारलं, "महाराज म्हणाले ना, अढी सोडा?"

"अढी सोडा म्हणाले," छाया बटण लावता लावता म्हणाली. "हात सोडा म्हणाले का?" मग ती घरच्या अहिराणीवर आली, "तुमना हात शे, त्यासना नही."

शुक्रवारी तो तिला घेऊन धर्मेंद्रच्या घरी गेला. धर्मेंद्रनं लगबगीनं खुर्ची पुसली. त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, चहा आणला. सुकदेवनं डाव्या हातानं कप घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"धर्मा, उद्या मी सही करणार नाही. केस चालवणार."

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. "मग आप्पा, त्या दिवशी पाया का पडलात? सगळ्या मंडळीसमोर?"

"मनापासून पडलो. तुझ्याबद्दल माझ्या पोटात काही नाही. पुढच्या वर्षी समोर आलास तर पुन्हा पडेन."

"आणि केस?"

"तीही चालवेन."

"दोन्ही कसं जमायचं?"

"ते मलाही कळत नाही रे. महाराजांना विचारणार होतो, पण ते पुढच्या गावाला गेले. मला एवढंच कळतं, की हात बरा व्हायला हवा."

धर्मेंद्र तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली त्याचा टेम्पो उभा होता. चहावर साय धरली.

शेवटी उज्ज्वलाच बोलली, छायाकडे पाहून. "ऑपरेशन कधी आहे वहिनी?"

"तारीख घ्यायचीय अजून."

"घ्या. डबा मी देईन." मग नवऱ्याच्या पाठीकडे बघून ती जरा मोठ्यानं म्हणाली, "आणि न्यायला-आणायला हे येतील."

"त्याच टेम्पोत?" छायाच्या तोंडून निसटलं.

तिचं तिलाच हसू आलं, मग उज्ज्वलालाही. धर्मेंद्र हसला नाही. पण थोड्या वेळानं खिडकीतूनच, मागे न वळता, म्हणाला, "सकाळची वेळ घ्या. दुपारी पलसाण्याला माल पोचवायचा असतो."