उलटं चालणारा

काचवाला पट्टी बांधलेला अंगठा वहीखाली लपवत उभा राहिला. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात आज 'कोलॅबरेट' या क्रियापदाची पाळी होती. प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य करायचं. पुढच्या बाकावरच्या मुलीने दोन कंपन्यांना कोलॅबरेट करायला लावलं, तिच्या शेजाऱ्याने दोन गायकांना. आयुष्य कोणाचं, हे विचारायची सोय नव्हती.

"माय ब्रदर अँड आय कोलॅबरेट," काचवाला म्हणाला. "वी कॅरी ग्लास."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनाही हसू आलं, पण मायेचं.

"काका, वाक्य बरोबर आहे हो. पण हा शब्द मोठ्या कामांना वापरतात. सिनेमा, संशोधन असं. काच उचलायला 'वर्क टुगेदर' पुरे. मुलाखतीत उगाच भाव खाल्ल्यासारखं वाटेल."

"बरं," म्हणून तो बसला. भाऊ जाऊन दोन महिने झाले, हे त्याने सांगितलं नाही.

थोरला गेला आणि दुकानाचा कणाच मोडला. पुरुषभर उंचीची काच एकट्याने हलत नाही, आणि छोट्या आरशांवर घर चालत नाही. ज्या मुलाखतीसाठी हा वर्ग लावला, ती खिडक्यांच्या कारखान्यातली नोकरी मिळाली तरच पोरीचं कॉलेज सुटणार नव्हतं.

मुलाखतीत त्याने 'वर्क टुगेदर' म्हटलं आणि साहेबांचं समाधान झालं.

"आता हात बघू तुमचा," ते म्हणाले.

अंगणात मोठी काच उभी होती. एका टोकाला कारखान्यातला कामगार, दुसऱ्या टोकाला हा, दोघांची तोंडं एकमेकांकडे. याच्या वाट्याला उलटं चालणं आलं. ते काम कायम थोरल्याचं. हा समोरून वाट बघून सांगायचा, आणि चारचौघांत फुशारकी मारायचा की डोकं माझं, अण्णाचे नुसते हात. अण्णाही खो खो हसायचा.

"पायरी आहे," कामगार म्हणाला. "या बिनधास्त. मी बघतोय."

हेच शब्द हा अण्णाला रोज म्हणायचा. पण आता पाऊल उचलेना. त्याने मान वळवून मागे पाहिलं. काच डुलली. पुन्हा पाऊल टाकायला गेला, पुन्हा मान वळली.

"ठेवा, ठेवा खाली!" साहेब ओरडले. काच वाचली.

"अहो, इतकी वर्षं उचललीत ना काच? भावाबरोबर?"

"हो. उलटं तो चालायचा."

"मग तोही असाच सारखा मागे बघायचा?"

"नाही साहेब. माझ्याकडे बघायचा."